मुकुट वाचवायचा की चेहरा?

अनंत चतुर्दशीच्या संध्याकाळी गिरगाव चौपाटीवर कॅमेऱ्याची खरी कसोटी लागते. सूर्य मलबार हिलच्या अंगाला कललेला, त्याच्या पुढ्यात बाप्पा, आणि बाप्पाची आपल्याकडची बाजू सावलीत. आकाश धरलं तर मूर्ती काळी, मूर्ती धरली तर आकाश ‘बर्न’! लालबागच्या राजाचं विसर्जन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं तेव्हा मामला उलटा: सूर्य शहराच्या बाजूला, समुद्राकडे तोंड करून उभ्या फोटोग्राफरच्या पाठीशी. उशीर झाला म्हणून कुरकुरू नका, उजेड फुकट मिळतोय.

कॅमेऱ्यातल्या मीटरला देव कळत नाही, माणूस कळत नाही, रंगही कळत नाही. समोरचं सगळं मधल्या करड्या छटेजवळ आणायचं, एवढंच त्याला ठाऊक. म्हणून गिरगावातल्या पाडव्याच्या शोभायात्रेत पांढऱ्या सदऱ्यांचं ढोल-पथक चौकटभर आलं की सदरे न धुतलेले दिसतात. इलाज ‘अधिक-उणे’ बटणात आहे, पण उलट्या डोक्याचा: पांढरं दिसलं की उजेड वाढवायचा, काळं दिसलं की कमी करायचा.

मुकुटाची सोनेरी चकाकी एकदा ‘ओव्हर’ गेली की गेलीच, तिथे नुसता पांढरा डाग. गंमत अशी, की सगळ्यात जास्त माहिती तिथेच तर असते. १४ बिट रॉ फाइलमधल्या १६,३८४ पायऱ्यांपैकी निम्म्या एकट्या सर्वांत उजळ स्टॉपच्या वाट्याला येतात! पडद्यावर मुकुट काळा-पांढरा लुकलुकला की तो धोक्याचा इशारा. पण हा इशारा जेपीईजीवरून ठरतो, तुम्ही रॉ काढत असलात तरीही. त्यामुळे थोडंसं लुकलुकलं तर लगेच घाबरायचं कारण नाही.

कॅनन वापरणाऱ्यांचा आयएसओ १०० कधीकधी अचानक गायब होतो. चोर बहुधा घरातलाच: हायलाइट टोन प्रायॉरिटी चालू राहिलेली असते. २००७च्या ईओएस-१डी मार्क ३मध्ये आलेली ही सोय आयएसओ २००पासून सुरू होते, कारण ती मुळात उजेड कमी घेते आणि सावल्या मागाहून उचलते. फुजीफिल्मचे डीआर२०० आणि डीआर४०० याच वाटेने जातात. निकॉनचं अ‍ॅक्टिव्ह डी-लायटिंगही २००७चंच, डी३ आणि डी३००मधलं. ते लावून काढलेली रॉ फाइल दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली तर फोटो अंधारलेला दिसू शकतो: उजेडाची कपात फाइलमध्ये राहते, सावल्या उचलण्याचा भाग मात्र तिथे लागू होत नाही. सोनीचं डीआरओ त्याही आधीचं, २००६च्या अल्फा १००मधलं. जोरात लावाल तर सावल्यांत नॉइजचा बाजार भरतो, मूर्ती सपाट होते, आणि मुकुट वाचवून चेहरा घालवल्यासारखं होतं. माझं मत विचाराल तर हे सगळं कमीत कमी जोरावर ठेवा.

दादरच्या शिवाजी मंदिरात नट एका प्रकाशझोतात आणि बाकी रंगमंच अंधारात, अशा वेळी साधं मीटर अंधाराला भुलतं आणि नटाचा चेहरा पिठासारखा पांढरा करतं. यासाठी निकॉनने २०१४च्या डी८१०मध्ये फक्त उजळ भागाकडे बघणारं मीटरिंग दिलं. ते नसेल तर जुनं स्पॉट मीटरिंग आहेच.

याच दादरमध्ये दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’चं चित्रीकरण केलं, ते सूर्याच्या भरवशावर. ना हिस्टोग्राम, ना लुकलुकणारा इशारा. चित्रपट ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन चित्रपटगृहात झळकला.

आणि एचडीआर? ती कल्पना मोबाइलवाल्यांची नव्हे. फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव्ह ले ग्रे १८५०च्या दशकात आकाशाची एक निगेटिव्ह आणि समुद्राची दुसरी जोडून एकच फोटो छापत असे. आज कॅमेरा तीन फ्रेम स्वतःच जोडतो. पण त्या तिन्हींच्या मधल्या वेळात गुलाल उडतो, ताशाची काडी हलते, आणि एका वादकाला चार हात फुटतात. मिरवणुकीत एचडीआर बंद ठेवा. गिरगावातल्या खोताच्या वाडीतली घरं मात्र जागची हलत नाहीत. तिथे बिनधास्त चालू करा, फक्त एखादी स्कूटर मध्ये येणार नाही एवढं बघा.