गुडघ्याची ‘झीज’ म्हणजे थेट ऑपरेशन? आधी हे समजून घ्या

एक्स-रेमध्ये ‘झीज’ दिसली की घरात दोन गोष्टी घडतात : चालणं बंद होतं आणि ऑपरेशनच्या खर्चाची चौकशी सुरू होते. पहिल्या गोष्टीने दुखणं वाढतं, दुसरी अनेकदा घाईची ठरते.

झीज म्हणजे नेमकं काय?
गुडघ्याच्या आणि खुब्याच्या सांध्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. ऑस्टिओआर्थरायटिसमध्ये तो विरळ होतो. पण वापरला तितका झिजला, असा सांध्याचा हिशेब गाडीच्या टायरसारखा नसतो. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून, आणि त्यासाठी हालचाल लागते. शिवाय एक्स-रेमध्ये दिसणारी झीज आणि होणारा त्रास यांचा मेळ बसेलच असं नाही.

मग करायचं काय?
● व्यायाम : ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत व्यायाम हाच मुख्य उपचार आहे. खुर्चीत बसून पाय सरळ करून काही सेकंद धरणं, खुर्चीतून सावकाश उठ-बस करणं यांनी मांडीचे स्नायू बळकट होतात. सुरुवातीला थोडं दुखू शकतं, म्हणून लगेच सोडू नका. फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्या.
● वजन : अमेरिकेतील २००५ च्या एका अभ्यासानुसार वजन एक किलोने घटलं, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो.
● काठी : दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा. बरेच जण नेमकं उलटं करतात.
● बैठक : उकिडवं बसणं, मांडी घालणं त्रासदायक असेल तर कमोड आणि उंच खुर्ची वापरा.
● औषधं : गुडघ्यासाठी आधी डायक्लोफेनॅकसारखं वेदनाशामक जेल. वेदनाशामक गोळ्यांचा पोट, मूत्रपिंड आणि हृदयावर परिणाम होऊ शकतो. त्या मनाने घेत राहू नका. ग्लुकोसामाइनची शिफारस ‘नाइस’ करत नाही.

ऑपरेशन कधी?
हे सगळं नेटाने करूनही रात्री दुखण्याने झोपमोड होत असेल, रोजची कामं अडत असतील, तर सांधेरोपणाचा विचार जरूर करावा. तेव्हाही आधी कमावलेले स्नायू उपयोगीच पडतात. मात्र सांधा अचानक सुजला, लाल-गरम झाला, ताप आला किंवा पायावर भारच देता येत नसेल, तर वाट न पाहता डॉक्टरांना गाठा.