वॉल्डनकाठच्या ऋतुनोंदी

हेन्री डेव्हिड थोरो आपल्याकडे माहीत आहे तो गांधीजींमुळे, नाहीतर दुर्गाबाई भागवतांनी ‘वॉल्डन’ मराठीत आणलं म्हणून. मला मात्र बॉस्टनजवळच्या कॉन्कर्ड गावात बर्फ तुडवत वसंताच्या खुणा हुडकणारा थोरो अधिक मोलाचा वाटतो. तिथल्या वॉल्डन तळ्यावरचा बर्फ पुरता कधी गेला, याच्या तारखा त्याने पुस्तकातच देऊन ठेवल्यात : १८४५ साली १ एप्रिल, पुढच्या वर्षी २५ मार्च, १८५२ साली तर थेट १८ एप्रिल. १८५१ पासून काही वर्षं शेकडो रानफुलांच्या पहिल्या बहराचे दिवसही त्याने टिपले.

तिथे पहिला मान स्कंक कॅबेजचा. नाव कोबीचं, वास कुजक्या मांसाचा! दलदलीत बर्फ असतानाच त्याची जांभळट, हिरव्या रेघोट्यांची जाड टोपी वर येते. आतला फुलांचा गड्डा कंदातलं पिष्ट जाळून हवेपेक्षा १५ ते ३५ अंशांनी गरम राहतो. त्या उबेने भोवतीचा बर्फ वितळून गोल आळं पडतं, आणि वासाला भुलून माश्या येतात.

थोरो १८६२ मध्ये, ४४ व्या वर्षी क्षयाने गेला. त्याचे या नोंदींचे तक्ते पडून राहिले. शतकाच्या अखेरीस गावातल्याच अल्फ्रेड हॉस्मर या दुकानदाराने तशा नोंदी केल्या. पुढे एकविसाव्या शतकात बॉस्टन विद्यापीठाच्या रिचर्ड प्रिमॅक यांनी त्या तारखा हाती घेऊन पुन्हा तीच रानं पालथी घातली.

तळ्यावरचा बर्फ आता सरासरी पंधरवडाभर आधी जातो. थोरोच्या काळी मेच्या मध्यावर फुलणारी ब्लूबेरी २०१२ मध्ये १ एप्रिललाच फुलली. ऐकायला छान वाटतं. पण खरी अडचण पुढे आहे. झाडांना पालवी दोन आठवड्यांहून अधिक लवकर फुटते, रानफुलं मात्र जेमतेम आठवडाभर आधी फुलतात. वरच्या फांद्या उघड्या असतात तेवढ्या दिवसांच्या उन्हावर या ठेंगण्या रोपांची वर्षाची बेगमी होते, आणि नेमके तेच दिवस घटताहेत. थोरोने पाहिलेल्या वनस्पतींपैकी चौथाईहून अधिक आज कॉन्कर्डमध्ये सापडत नाहीत. तापमानाप्रमाणे ज्यांना आपली फुलण्याची वेळ बदलता आली नाही, त्यांना फटका जास्त बसला.

हे सगळं कळलं ते साध्या तारखांवरून. तेव्हा घराजवळच्या पळसाला, सावरीला यंदा पहिलं फूल कधी आलं, ते वहीत तारीखवार लिहा. आणि वही रद्दीत घालू नका.