कोळ्याच्या नावे

सिद्धगड म्हटला की २ जानेवारी १९४३ ला तिथे हुतात्मा झालेले भाई कोतवाल आणि हिराजी पाटील आठवतात. मला मात्र त्याबरोबर माझी मानही आठवते!

१९९१ च्या पावसाळ्यात कर्जवसुलीसाठी गडाच्या पायथ्याच्या गावात दोन रात्री मुक्काम होता. कंदिलावरच्या किड्यांतला एक मानेवर आला आणि मी तो झोपेतच चिरडला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिथे लाल पट्टा उठला, आग आग झाली. "सायेब, कोळी मुतला," घरच्या आजी म्हणाल्या. मीही ते खरे मानले. जन्मभर खाती तपासली, पण इथे रक्कम भलत्याच्याच नावे टाकली.

खरा धनी होता पेडेरस. तांदळाच्या दाण्याहून जरासा लांब, नारिंगी अंगाचा, डोके आणि शेपटीचे टोक काळे, मध्ये निळसर चकाकता पट्टा. तो चावत नाही. त्याच्या शरीरातले जिवाणू 'पेडेरिन' हे विष बनवतात आणि किडा चिरडला की ते कातडीला लागते. त्रास दिसायला दिवस जातो, तोवर किडा विस्मरणात गेलेला असतो. मग आळ येतो बिचाऱ्या कोळ्यावर.

पेडेरसचे कुटुंब 'स्टॅफिलिनिडी' नावाचे. जगात पक्ष्यांच्या जाती सुमारे ११ हजार, तर या भुंगेऱ्यांच्या ६६ हजारांहून अधिक! ओळखायची खूण म्हणजे वरचे पंख आखूड बंडीसारखे, अर्धे अंग उघडे. उडायचे लांब पंख त्या बंडीखाली घडी करून ठेवलेले. ही घडी डावी-उजवीकडे सारखी नसते, हे जपानी संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिले. अंग असे मोकळे राहिल्याने ते हवे तसे वळते. पालापाचोळा, शेण, सालीची फट, मुंग्यांचे वारूळ, कुठेही शिरता येते. तिथे यांतले बहुतेक अळ्या आणि बारीक किडे खातात. खुद्द पेडेरसही भातावरचे तुडतुडे फस्त करतो.

एवढ्या खातेदारांची वही मांडायची कशी? लिनियसने १७५८ मध्ये सुरुवात केली. आपल्याकडच्या जातींवर आरमारी डॉक्टर माल्कम कॅमेरॉन यांनी १९३० ते १९३९ या काळात ग्रंथमालिका लिहिली. वहीत फेरफार अजून चालूच आहेत. वेगळी मानलेली एक कुळी १९९५ मध्ये या कुटुंबात विलीन झाली, दुसरी २००९ मध्ये. शाखा बंद झाली, खातेदार तेच राहिले.

सिद्धगड भीमाशंकर अभयारण्यात येतो. तिथल्या ओल्या पाचोळ्यात यांचे घर असते आणि उन्हाळ्यात वणवा लागला की आधी तोच जळतो. वाघ गेला तर बातमी होते. ज्याचे खातेच उघडले नाही, त्याची शिल्लक शून्यावर आली तर कोण विचारणार?

तेव्हा पावसाळ्यात असा नारिंगी किडा अंगावर बसला, तर चापट मारू नका. फुंकर घालून उडवा, आणि चिरडलाच तर जागा साबणाने लगेच धुवा. माझ्यापुरते म्हणाल, तर घरातल्या कोळ्यांची जाळी मी आता जरा उशिराच काढतो. जुनी बाकी आहे.