ग्लोव्हज घातले म्हणजे हात स्वच्छ झाले का?

रुग्णालयात दाखल झाल्यावर रुग्णाला जडणारा संसर्ग बऱ्याचदा कर्मचाऱ्यांच्याच हातांवरून पसरतो. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या जनरल हॉस्पिटलमध्ये इग्नाझ सेमेलवाइस यांनी हे आकड्यांनिशी दाखवून दिलं. शवविच्छेदन आटोपून थेट प्रसूतिकक्षात येणाऱ्या डॉक्टरांना त्यांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. त्या वर्षी एप्रिलमध्ये त्यांच्या विभागात शंभरातल्या १८ बाळंतिणी दगावत होत्या. जूनमध्ये हे प्रमाण २ च्या आसपास आलं. तेव्हा ना अँटिबायोटिक होती, ना जंतूंचा सिद्धांत मान्य झाला होता. आज हे सगळं हाताशी असूनही वॉर्डात काही चुकीच्या समजुती घट्ट बसल्या आहेत.

‘ग्लोव्हज आहेत, मग हात कशाला धुवायचे?’

हा सर्वांत घातक गैरसमज. ग्लोव्हजना डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असू शकतात, आणि ते काढताना बाहेरची घाण मनगटाला, बोटांना लागते. म्हणून घालण्याआधी आणि काढल्यानंतरही हात स्वच्छ करावेच लागतात. त्याहून वाईट म्हणजे एकाच जोडीवर चार खाटा उरकणं. अशा वेळी ग्लोव्हज घालणाऱ्याला सुरक्षित वाटतं, पण एका रुग्णाचे जंतू पुढच्या रुग्णापर्यंत जातात. घातलेल्या ग्लोव्हजवरच सॅनिटायझर चोळणं हाही उपाय नव्हे. रुग्ण बदलला की जोडी बदलायची.

जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करण्याच्या पाच वेळा ठरवून दिल्या आहेत : रुग्णाला हात लावण्याआधी, सलाईन लावणं किंवा ड्रेसिंग अशा निर्जंतुक कामाआधी, रक्त किंवा शरीरद्रवाशी संपर्क आल्यावर, रुग्णाला हात लावून झाल्यावर आणि त्याच्या आजूबाजूच्या वस्तूंना हात लावल्यावर. यातली पाचवी वेळ सहज निसटते. रुग्णाला शिवलोच नाही, फक्त मॉनिटरचं बटण दाबलं, खाटेचा कठडा वर केला, मग हात कसले धुवायचे, असं वाटतं. पण त्या कठड्यावर आणि बटणावर रुग्णाच्याच अंगावरचे जंतू असतात.

‘साबण-पाणी हेच खरं, सॅनिटायझर म्हणजे वेळ मारून नेणं’

हात दिसायला स्वच्छ असतील तर अल्कोहोलचं हँडरब जास्त प्रभावी ठरतं. त्याला २० ते ३० सेकंद पुरतात. साबणाने नीट धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात, शिवाय बेसिनपर्यंत जावं लागतं. तीस खाटांचा वॉर्ड सांभाळणाऱ्या सिस्टरसाठी हा फरक फार मोठा आहे. मात्र हातांना रक्त किंवा मळ लागला असेल, किंवा क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जिवाणूमुळे जुलाब होणारा रुग्ण असेल, तर साबण-पाणीच हवं, कारण या जिवाणूचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत. आणि अंगठी, बांगड्या, घड्याळ? त्यांच्याखालच्या त्वचेपर्यंत ना साबण पोचतो, ना हँडरब. मंगळसूत्र गणवेशाच्या आत घेता येतं. हातातल्या वस्तू मात्र कामावर असताना काढूनच ठेवायला हव्यात.

‘रक्ताचं असेल ते लाल पिशवीत’

रंगामुळे हा समज पटकन रुजतो. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनुसार रक्ताने भिजलेला कापूस आणि ड्रेसिंग पिवळ्या पिशवीत जातात. लाल पिशवी दूषित प्लास्टिक-रबरासाठी आहे : सलाईनच्या नळ्या, कॅथेटर, ग्लोव्हज, सुई काढलेली सिरिंज. पिवळ्यातला कचरा मुख्यतः जाळला जातो, लालमधला निर्जंतुक करून, तुकडे करून पुनर्वापराला जातो. काच निळ्या खोक्यात आणि सुया-ब्लेड सहज भोसकलं न जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात. कचरा जिथे तयार होतो तिथेच, ज्याने केला त्यानेच तो वेगळा करायचा असतो. डॉक्टरांनी ट्रेमध्ये तशीच टाकलेली सुई शेवटी रुतते ती ट्रे आवरणाऱ्या मावशींच्या बोटात.

‘टोपण लावून सुई टाकली की धोका नाही’

टोपण परत लावतानाच सुई बोटात घुसू शकते. वापरलेल्या सुईला टोपण लावायचं नाही, ती वाकवायचीही नाही. थेट नीडल कटरमध्ये किंवा पांढऱ्या डब्यात टाकायची. बाधित रक्ताची सुई टोचल्यास एचआयव्ही होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के असते. लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता मात्र ३० टक्क्यांपर्यंत जाते. सगळे भितात एचआयव्हीला, आणि लस उपलब्ध असलेल्या आजाराकडे दुर्लक्ष होतं.

सुई टोचल्यावर बोट पिळू नका, तोंडात धरू नका, त्यावर ब्लीच ओतू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि लगेच कळवा. एचआयव्ही प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. ओरडा बसेल या भीतीने गप्प राहणाऱ्याचे नेमके तेच तास वाया जातात. सुई टोचल्याची नोंद करणाऱ्या कर्मचाऱ्याला रागावणारा वरिष्ठ संसर्ग नियंत्रणाचं मोठं नुकसान करतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘रिपोर्ट निगेटिव्ह आहे’ हाही खोटा दिलासा. संसर्ग झाल्यावर सुरुवातीचा काही काळ तपासणीत तो दिसत नाही. म्हणून प्रत्येक रुग्णाचं रक्त बाधित असू शकतं असं मानूनच काम करायचं. त्यामुळे एचआयव्हीबाधिताच्या खाटेवर पाटी लावण्याची गरज उरत नाही. उपचारात त्याच्याशी भेदभाव करायला २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने बंदी आहे.

‘फ्युमिगेशन केलं की ऑपरेशन थिएटर निर्जंतुक’

फॉर्मॅलिनचा धूर डोळ्यांत पाणी आणतो, म्हणून तो परिणामकारक वाटतो. पण फॉर्माल्डिहाइड माणसात कर्करोग घडवू शकतं, आणि धुराने मळ निघत नाही. आधी डिटर्जंटने पुसणं, मग जंतुनाशक लावणं आणि ते ठरलेला वेळ पृष्ठभागावर ओलं राहू देणं, याला पर्याय नाही. सांडलेल्या रक्तासाठीचं एक टक्का हायपोक्लोराइटही रोज ताजं करावं लागतं, कारण त्याची ताकद उतरत जाते. तसंच शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री वस्तऱ्याने केस काढल्यास त्वचेवर बारीक जखमा होऊन शस्त्रक्रियेनंतरच्या संसर्गाचा धोका वाढतो. अगदी गरज असेल तर क्लिपर वापरावा.

२०१६ चे तेच नियम सांगतात की जैववैद्यकीय कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस रुग्णालयाने द्यायची आहे. कंत्राटी मावशी, मामा आणि सफाई कामगार यांतून वगळलेले नाहीत. हिपॅटायटिस बीचे डोस तीन : पहिला, एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. त्यानंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातल्या प्रतिपिंडांची पातळी किमान १० mIU/mL असल्याची तपासणी. रुग्णालय चालवणाऱ्यांनी आज आपल्या कंत्राटी कामगारांची यादी काढावी, आणि ज्यांच्या नावापुढे एकही डोस नाही त्यांना या आठवड्यातच पहिला द्यावा.