आभाळ भरून आलं की स्कूटी कुठं थांबवायची?

मागच्या मे महिन्यात केजला बैठक होती. ती आटोपून आम्ही गटातल्या चौघी दोन स्कूट्यांवर गावाकडं निघालो. कर्जाच्या फायली प्लास्टिकच्या पिशवीत, डिकीत भाजी. पश्चिमेला काळंभोर आलं होतं. "पावसाच्या आत पोचू" म्हणत निघालो. खरं सांगायचं तर पावसापेक्षा उशिराचीच भीती जास्त होती. बाई दिवेलागणीनंतर घरी आली की चार प्रश्न ठरलेले असतात.

निम्म्या वाटेत गार वारं सुटलं. धुळीनं डोळे उघडेनात, स्कूटी कडेला ढकलली जायला लागली. मग टपोरे थेंब आणि गारा. रस्त्याकडेला चिंचेचं मोठं झाड होतं, तिथं दोघंजण मोटारसायकल लावून आधीच उभे. आम्हीही शिरलो. त्यातला एकजण म्हणाला, मोबाईल बंद करा, वीज ओढतो. चौघींनी मुकाट्यानं बंद केले. दहा मिनिटांनी एसटी आली. ड्रायव्हरदादांनी गाडी उभी करून, ओरडून आम्हाला आत घेतलं.

झाडावर वीज पडली नाही. म्हणून आमच्यातली एक वहिनी अजून म्हणते, "काय झालं आपल्याला?" त्यासाठीच आजचं बोलणं.

उन्हाळ्यात जमीन तापते, दमट हवा वर चढते आणि दुपारनंतर ढग कित्येक किलोमीटर उंच वाढतो. आत बर्फाचे कण एकमेकांवर आदळून विजेचा भार साचतो. ते गार वारं म्हणजे त्याच ढगातून पावसाबरोबर खाली कोसळलेली हवा. ती पावसाच्या पुढं धावते. म्हणजे मातीचा वास घेऊन गार वारं आलं, तेव्हा ढग जवळ आलेला असतो. आसरा तेव्हाच शोधायचा.

वीज बहुतेक वेळा उंच, एकट्या वस्तूवर पडते. झाडावर पडली की बुंध्यावरून शेजारच्या माणसाच्या अंगावर येते, मुळांजवळच्या जमिनीतूनही पसरते. झाडाखालची जनावरं एकदम दगावतात ती यामुळंच. त्यांच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर असतं, प्रवाह एका पायातून चढतो आणि दुसऱ्यातून उतरतो.

रबरी टायर वाचवतात, असं आम्हालाही वाटायचं. पण एवढी हवा फोडून आलेल्या विजेला चार बोटं रबर काय अडवणार? एसटीत माणूस वाचतो तो भोवतीच्या पत्र्यामुळं. वीज त्या पत्र्यावरून बाहेरच्या बाहेर जमिनीत जाते. आत बसल्यावर खिडकीच्या लोखंडी दांड्या मात्र धरू नका.

आणि मोबाईल वीज ओढत नाही. चार्जिंगला लावलेला वापरू नये, एवढंच. आमचे चारही फोन बंद लागले म्हणून एका ताईंचे मालक त्याच विजांत मोटारसायकल काढून आम्हाला शोधायला निघाले होते. ते सुखरूप परतले, पण हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो. आता आम्ही आधी घरी फोन लावतो, "थांबलोय, येऊ नका" म्हणतो, मग बाकीचं.

वीज चमकल्यावर आकडे मोजा. आवाज यायला तीन सेकंद लागले तर ती साधारण एक किलोमीटरवर आहे. ३० सेकंदांच्या आत गडगडाट आला तर गाडी सोडून पक्क्या घरात, शाळेत, दुकानात जा. कुणी ओळखीचं नसलं तरी दार वाजवा, यात लाज कसली! शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबा. जवळ काहीच नसेल तर झाड, विजेचा खांब, तारेचं कुंपण यांपासून लांब, सखल पण पाणी न साचलेल्या जागी, पाय जुळवून उकिडवं बसा. जमिनीवर आडवं होऊ नका, घोळक्यानं बसू नका. हा नाइलाजाचा उपाय आहे, पूर्ण सुरक्षित नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं केलेलं 'दामिनी' ॲप मोबाईलवर घ्या. आपल्या भोवती २० आणि ४० किलोमीटरच्या टप्प्यात वीज पडतेय का, ते त्यात दिसतं.

कुणाला वीज लागलीच तर त्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही, लगेच हात लावता येतो. कुणी शेण लावा म्हणेल, त्यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहा. अशी थांबलेली माणसं परत येऊ शकतात.

आमची मासिक बैठक आता एप्रिल आणि मेमध्ये सकाळी दहाला असते, दोनच्या आत सगळ्या घरी. साहेबांना ही वेळ पटवायला दोन अर्ज लागले. वहिनी अजून आकडे मोजताना हसते, पण मोजते.