हप्ता आठवड्याचा, रास वर्षाची

भालकी (जि. बीदर)

देशाच्या हिशेबात अलीकडे खरी मंदी एकदाच आली. 2020 च्या एप्रिल-जून तिमाहीत अर्थव्यवस्था सुमारे 24 टक्क्यांनी आकसली आणि पुढच्या वर्षभरात सावरली, असं आकडे सांगतात. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या कर्नाटकाच्या महाराष्ट्र सीमेवरच्या तालुक्यांतल्या घरांचा हिशेब वेगळा आहे. त्यांच्या लेखी 2016-17 ची तूर, 2020 ची टाळेबंदी, 2023 चा दुष्काळ, 2024 चं सोयाबीन आणि 2025 ची अतिवृष्टी ही सगळीच मंदीची वर्षं. कारणं निरनिराळी, पण घरात उमटलेला परिणाम बराचसा सारखा. पैसा कमी येतो हे खरंच. पण घर मोडतं ते बहुधा तो वेळेवर न आल्यामुळे. सोयाबीनचे पैसे दसरा-दिवाळीच्या सुमारास येतात, तुरीचे संक्रांतीच्या आगेमागे. मधल्या काळात पुण्या-मुंबईहून किंवा हैदराबादहून मुलगा पाठवील ते. देणी मात्र याला जुमानत नाहीत. मायक्रोफायनान्सवाल्यांचा हप्ता दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला, बी-खत मृगाच्या तोंडावर, शाळेची फी जूनमध्ये. इथली कुटुंबं मंदीत काय करतात आणि सरकारने काय करायला हवं, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं या तारखांच्या ताणातून शोधावी लागतात, असं माझं मत आहे.

तुरीचं उदाहरण सगळ्यात स्पष्ट आहे. कलबुर्गी हे कर्नाटकातलं तुरीचं कोठार. तिथल्या डाळीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. 2015 च्या दिवाळीआधी शहरात तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली, तेव्हा इथल्या शेतकऱ्याने दुसऱ्या वर्षी तूर वाढवली. पाऊसही चांगला झाला. देशाचं तुरीचं उत्पादन 25.6 लाख टनांवरून 2016-17 मध्ये 48.7 लाख टनांवर गेलं. हमीभाव क्विंटलला 5,050 रुपये होता, बाजार त्याच्या बराच खाली बसला. त्यात नोटाबंदी झालेली. हमीभावाने विकायचं तर नोंदणी, खरेदी केंद्रावरची रांग, बारदान्याची वाट आणि मग खात्यावर पैसे यायची वाट. ज्याला थांबणं परवडलं त्याला 5,050 मिळाले. ज्याच्या दारात हप्तेवाला उभा होता त्याने आडत्याला मिळेल त्या भावाने माल घातला. माल एकच, गाव एकच. फरक पडला तो कोण किती दिवस कळ काढू शकतो यावरून. म्हणून हमीभावाची घोषणा झाली की गरीब शेतकरी वाचला, हे गृहीतक मला फसवं वाटतं. 2025 च्या सुरुवातीला राज्य सरकारने 7,550 च्या हमीभावावर आपले 450 रुपये घातले, ते बरं झालं. पण केंद्र उशिरा उघडलं तर ते साडेचारशेही थांबू शकणाऱ्यालाच मिळतात.

सीमेवर असल्याचा इथे एक फायदा आहे. 1956 पर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यातच होते. राज्यं वेगळी झाली तरी सोयरिकी तुटल्या नाहीत, आणि बाजारही नाही. औरादच्या शेतकऱ्याला सोयाबीन उदगीर-लातूरला नेण्यात काही विशेष वाटत नाही. हमीभाव मात्र ज्या राज्यात जमीन त्याच राज्यात मिळतो, कारण नोंदणीला इथली पहाणी लागते (महाराष्ट्रातला सातबारा म्हणा). 2024 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव 4,892 होता आणि बाजार चार हजारांच्या आसपास रेंगाळत होता. तेव्हा सीमेवरच्या घराला निवड करावी लागली ती पलीकडच्या रोख पैशात आणि अलीकडच्या जास्त पण उशिराच्या पैशात. अनेकांनी पलीकडची वाट धरली असेल तर त्यांना अडाणी म्हणण्यात अर्थ नाही.

पैशाची तारीख चुकली की घर काय करतं, याचा एक ठरलेला क्रम असतो. आधी ताटातलं वरण पातळ होतं. तुरीच्या मुलखात तूरडाळच आधी कमी होते. भाकरी असते, शेंगदाण्याची चटणी असते, आणि ज्वारी संपत आली की रेशनचा तांदूळ वाढतो. मग शेळी-करडं विकली जातात, कारण शेळी कुठल्याही आठवडी बाजारात त्याच दिवशी रोख देते. त्यानंतर सोनेतारण. सोन्याचा भाव चढल्याने तीच बांगडी आता पूर्वीपेक्षा जास्त कर्ज मिळवून देते. 2024-25 मध्ये बँकांची सोनेतारण कर्जं दुपटीच्या आसपास वाढली. त्यातली काही वाढ कर्जांचं वर्गीकरण बदलल्यामुळे दिसते, सगळी नाही. भाव पडला तर काय, हा विचार त्या क्षणी कोणी करत नाही. शेवटी येते उचल. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जायचं ठरलं की मुकादम रक्कम आगाऊ देतो आणि त्या बदल्यात सबंध हंगाम नावावर करून घेतो. मोठी रक्कम एकदम आणि आज मिळते, हेच उचलीचं आकर्षण. तिची किंमत पुढे फेडावी लागते, बहुतेक वेळा शाळा सोडलेल्या मुलीच्या हिशेबात.

शहरातला मुलगा हा या घरांचा खरा विमा. पाऊस हुकला तरी पुण्याच्या बांधकामावर पगार चालू असतो, म्हणून घर स्वतःला दोन-तीन ठिकाणी वाटून ठेवतं. 2020 मध्ये हा विमा एकदम बुडाला, कारण गाव आणि शहर एकाच दिवशी बंद झालं. कोरोनाने झालेला देशातला पहिला मृत्यू कलबुर्गीतला, 10 मार्चचा. पंधरा दिवसांत टाळेबंदी लागली आणि पैसे पाठवणारेच खायला परत आले. त्या वर्षी रोजगार हमीने देशभर 380 कोटींहून अधिक मनुष्यदिवस काम दिलं. ही योजना मुळात महाराष्ट्राची देणगी. तरी 2024-25 मध्ये तिची मजुरी महाराष्ट्रात रोज 297 रुपये होती आणि कर्नाटकात 349. सीमेवरच्या मजुराला हा फरक तोंडपाठ असे. पण कायदा पंधरा दिवसांत मजुरी द्या म्हणत होता आणि ती अनेकदा महिना-दोन महिने लोंबकळे. मग 349 रुपयांपेक्षा शेजाऱ्याच्या शेतातली संध्याकाळी हातावर पडणारी कमी मजुरी बरी वाटली, यात आश्चर्य काय?

आता कर्नाटकच्या गॅरंटी योजना. महाराष्ट्रात त्यांची बहुधा टिंगल होते, निदान लाडकी बहीण येईपर्यंत होत होती. घरातल्या कर्त्या स्त्रीला महिना 2,000 रुपये, 200 युनिटपर्यंत फुकट वीज (हिचं उद्घाटन कलबुर्गीतच 5 ऑगस्ट 2023 ला झालं), राज्यात बायकांना एसटीचा मोफत प्रवास, जादा धान्य आणि बेरोजगार पदवीधरांना भत्ता. सगळं मिळून वर्षाला 50,000 कोटींहून जास्त खर्च. आक्षेप दोन आहेत. पहिला, लोक आळशी होतात, मजूर मिळत नाही. शेतकऱ्यांची ही तक्रार खरी आहे, पण मजुरांची टंचाई या योजनांच्या आधीपासूनची आहे, आणि दोन हजारांत कुणाचं घर चालत नाही. त्यातून होतं एवढंच, की दोन हप्ते भागतात, आणि तेवढ्यावर एखादी बाई सगळ्यात वाईट उचल नाकारू शकते. मोठ्या जमीनदाराला ते खुपत असेल तर समजण्यासारखं आहे.

दुसरा आक्षेप माझ्याच म्हणण्यावर आहे आणि अधिक वजनदार आहे: तारखेचं कौतुक पुरे, मुळात रक्कमच तुटपुंजी आहे. हे मान्य करायला हवं. 2023 मध्ये राज्यातल्या 236 पैकी 223 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. तुरीला दहा हजारांवर भाव होता आणि अनेकांकडे विकायला तूरच नव्हती. अशा वेळी वेळापत्रक सुधारून पोट भरत नाही. पण रक्कम आणि तारीख असे दोन पर्याय समोर ठेवले तर सरकारं नेहमी रक्कम निवडतात, कारण रकमेची जाहिरात होते. कर्त्या स्त्रीचे दोन हजार पुढे अनेक महिने थकले, कधी दोन-तीन महिन्यांचे एकदम आले. एकदम आलेले सहा हजार तोवर चढलेलं व्याज आणि किराण्याची उधारी खाऊन जातात. दुष्काळी मदतीसाठी तर राज्याला सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं आणि 3,400 कोटींच्या वर रक्कम आली ती एप्रिल 2024 मध्ये, म्हणजे दुसऱ्या पेरणीच्या तोंडावर.

फायनान्सच्या छळाने जीव गेल्याच्या बातम्यांनंतर फेब्रुवारी 2025 मध्ये राज्याने जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध अध्यादेश काढला. शिक्षा दहा वर्षांपर्यंत. वसुली करणाऱ्याचा दरारा त्याने कमी झाला असेल, पण हप्त्याची तारीख तीच राहिली. रिझर्व्ह बँकेचा नियम म्हणतो की हप्ते कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त नसावेत. ज्या घरात वर्षातून दोनदाच पैसा येतो त्याचं मासिक उत्पन्न म्हणजे कागदावर बाराने केलेला भागाकार. बीदरला याहून बरं काही माहीत नव्हतं असंही नाही. इथल्या जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचं नाव बचत गटांना कर्ज देण्यासाठी एके काळी देशभर घेतलं जाई. त्या गटांत आधी बचत होती, मग कर्ज, आणि अडलेल्या बाईला सवलत द्यायची की नाही हे गटच ठरवू शकत असे. फायनान्स कंपन्यांनी गट उचलला आणि बचत मागे ठेवली. सहकारी सोसायटीचं पीककर्ज आजही हंगाम पाहून फेडायचं असतं, आणि 2023 पासून पाच लाखांपर्यंत ते बिनव्याजी आहे. पण त्यासाठी पहाणीवर नाव लागतं. जिच्या नावावर गुंठाही नाही तिला उरतं ते आठवड्याच्या हप्त्याचंच कर्ज.