सौर कृषिपंपांचे तंत्रज्ञ : ऑनलाइन शिक्षणाचा योग्य उपयोग

सौर ऊर्जेवर चालणारा कृषिपंप हा आता केवळ प्रात्यक्षिकाचा विषय राहिलेला नाही. केंद्र शासनाने २०१९ साली सुरू केलेली पीएम-कुसुम योजना आणि महाराष्ट्र शासनाची २०२४ मधील ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजना यांमुळे ३, ५ व ७.५ अश्वशक्तीचे सौर पंप राज्यातील विहिरींवर व बोअरवर मोठ्या प्रमाणावर बसविले गेले आहेत. रात्रीच्या विजेची वाट पाहण्याचे कारण उरले नाही आणि ओलित दिवसाउजेडी होऊ लागले, हा लाभ शेतकऱ्यांच्या प्रत्यक्ष अनुभवाचा आहे. परंतु यंत्र जितके दूरवर पोहोचले, तितका त्या यंत्राचा जाणकार पोहोचलेला नाही. नवीन यंत्राबरोबर त्याची निगा राखणारा माणूस तयार झाला नाही, तर त्या यंत्रावरील खर्च काही अंशी वाया जातो.

पंप बंद पडल्याने होणारी हानी केवळ दुरुस्तीच्या खर्चाने मोजता येत नाही. वेळेवर पेरलेल्या गव्हास पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळे फुटण्याच्या वेळी, ४० ते ४५ दिवसांनी कांडी धरताना, ६० ते ६५ दिवसांनी फुलोऱ्यात आणि ८० ते ८५ दिवसांनी दाणे भरताना पाण्याची निकड असते. यांपैकी एखाद्या पाळीच्या वेळी पंप दहा दिवस बंद राहिला, तर पुढे कितीही पाणी दिले तरी झालेली घट भरून निघत नाही. पुरवठादाराने ठराविक मुदतीपर्यंत पंपाची दुरुस्ती करून द्यावयाची असते हे खरे. परंतु त्याचा तंत्रज्ञ वेळेत येण्यासाठी तो तालुक्यात उपलब्ध असला पाहिजे. असे तंत्रज्ञ तयार करण्याच्या कामी ऑनलाइन शिक्षणाचा कितपत उपयोग होईल व त्याची मर्यादा कोठे आहे, याचा विचार येथे केला आहे.

जुने ज्ञान का अपुरे पडते

गावात वायरमन असतो, मोटार गुंडाळणारा मिस्त्री असतो, बोअरमधून पंप वर काढणारे कारागीरही असतात. ही मंडळी कुशल असतात. तरी सौर पंपापुढे त्यांचे नेहमीचे ज्ञान काही बाबतींत अपुरे पडते व प्रसंगी घातकही ठरते.

पहिली बाब विजेच्या जातीची. खांबावरून येणारी वीज ए.सी., म्हणजे दिशा सतत पालटणारी असते. तिचा प्रवाह सेकंदाला अनेक वेळा शून्यावर येतो व त्यामुळे तार सोडविताना पडलेली ठिणगी बहुधा तत्काळ विझते. सौर पॅनेलची वीज डी.सी., म्हणजे एकाच दिशेने वाहणारी असते व ती शून्यावर येत नाही. पंप चालू असताना पॅनेलच्या तारेचा जोड ओढून काढला, तर तेथे ठिणगीची अखंड ज्योत तयार होते. तिने जोड वितळतो, हात भाजतो आणि जवळ वाळलेला पाला असल्यास आग लागते.

दुसरी बाब अशी की, खांबावरील वीज फ्यूज काढून बंद करता येते. परंतु ऊन असेपर्यंत पॅनेलच्या टोकांवर विद्युत् दाब राहतोच. मुख्य खटका पाडला तरी पॅनेलपासून खटक्यापर्यंतची तार जिवंत असते. तिसरी बाब कंट्रोलरची. पॅनेलच्या विजेतून उन्हाच्या मानाने अधिकात अधिक शक्ती घेऊन ती मोटारीस योग्य रूपात पुरविणे हे त्याचे काम होय. खटका पाडल्यावरही त्याच्या आतील भागांत काही काळ वीज साठून राहते. म्हणून उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबल्यावाचून त्याचे झाकण उघडू नये.

ऑनलाइन शिक्षण कोठे उपयोगी पडते

या विषयाचे नियमित शिक्षण देशात उपलब्ध आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत सौर तंत्रज्ञाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे आणि २०१५ साली सुरू झालेल्या ‘सूर्यमित्र’ कार्यक्रमात सुमारे तीन महिन्यांचे प्रशिक्षण ठेवले गेले. शाळा सोडून आलेल्या तरुणास हे मार्ग चांगले आहेत. परंतु ज्याचे दुकान चालू आहे व ज्याच्या रोजच्या कमाईवर घर चालते, त्या मिस्त्रीस तीन महिने गाव सोडणे परवडत नाही; आणि गावात सर्वांत आधी ज्याला बोलाविले जाते तो हाच मनुष्य असतो. ऑनलाइन शिक्षणाचा खरा उपयोग त्याच्यासाठी आहे.

या पद्धतीत पाठ मोबाइलवर येतो व दिवसाचे काम संपल्यावर तो पाहता येतो. न समजलेला भाग पुन्हा पाहता येतो व त्यात कोणाचा संकोच वाटत नाही. चांगल्या शिक्षकाचा एकच पाठ नंदुरबारच्या व गडचिरोलीच्या तंत्रज्ञास सारखाच मिळतो. कार्यशाळेत जे दाखविणे धोक्याचे असते, उदाहरणार्थ डी.सी. जोड तुटताना उठणारी ज्योत, ते चित्रफितीत निर्धोकपणे दाखविता येते. केंद्र शासनाच्या प्रशिक्षण महासंचालनालयाचे ‘भारत स्किल्स’ व २०१७ साली सुरू झालेले ‘स्वयम्’ ही संकेतस्थळे या प्रकारच्या शिक्षणाची उदाहरणे होत.

बिघाड शोधण्याची विद्या

दुरुस्तीच्या कामात भाग बदलणे हे सोपे असते. कोणता भाग बिघडला आहे हे ओळखणे कठीण असते. ही विचाराची शिस्त ऑनलाइन पाठांतून उत्तम शिकविता येते. पुढील दोन उदाहरणांवरून हे स्पष्ट होईल.

पंप चालतो, परंतु पाणी कमी येते, ही नेहमीची तक्रार आहे. अननुभवी मनुष्य लगेच पंप वर काढण्याच्या तयारीस लागतो. शिकलेला तंत्रज्ञ प्रथम कंट्रोलरवर मोटार किती शक्ती घेत आहे हे पाहतो. ऊन कडक असूनही शक्ती कमी दिसली, तर दोष पॅनेलच्या बाजूस असण्याचा संभव अधिक. त्या वेळी पॅनेलवरील धूळ, नव्याने वाढलेल्या झाडाची सावली, सैल जोड किंवा उंदराने कुरतडलेली तार यांचा शोध घ्यावा. मालिकेतील एका पॅनेलच्या काही भागावर पडलेली सावलीसुद्धा त्या मालिकेचे उत्पादन बरेच खाली आणते. शक्ती पुरेशी दिसूनही पाणी कमी असेल, तर दोष पाण्याच्या बाजूस शोधावा : खाली गेलेली पातळी, गळणारा पाइप, तुंबलेली जाळी किंवा वाळूने झिजलेले पंखे. तार नुकतीच जोडली असेल, तर मोटार उलट फिरते आहे काय हे आधी पाहावे. तीन तारांच्या मोटारीत कोणत्याही दोन तारांची अदलाबदल केल्याने तिची दिशा सुधारते. पंप वर काढण्याचा खर्च या क्रमाने पुष्कळदा वाचतो.

दुसरे उदाहरण मापनाचे आहे. ७.५ अश्वशक्तीच्या एखाद्या संचात १०-१० पॅनेलच्या दोन मालिका आहेत व प्रत्येक पॅनेलच्या पट्टीवर भाराविना ४५ व्होल्ट दाब दिला आहे, असे समजू. एका मालिकेचा दाब ४५० व्होल्ट यावयास हवा. एप्रिलच्या दुपारी मीटर ४०० दाखवितो. एक पॅनेल निकामी झाले, असा निष्कर्ष नवखा मनुष्य काढील. पण तो चुकीचा ठरण्याचा संभव आहे. पट्टीवरील आकडा पॅनेलचे तापमान २५ अंश सेल्सिअस असतानाचा असतो. त्यापुढे दर अंशामागे दाब सुमारे ०.३ टक्के उतरतो. उन्हात पॅनेल ६० ते ६५ अंशांपर्यंत तापले, तर दाबात १० ते १२ टक्के घट स्वाभाविक आहे. म्हणून दुसरी मालिकाही मोजावी. तिचाही दाब ४०० असेल तर दोष नाही, उष्णता आहे. दुसरी ४०० व पहिली ३६० दाखवीत असेल, तर पहिलीत एका पॅनेलचा दोष असावा. पहिली शून्य दाखवीत असेल, तर ती मालिका कोठेतरी तुटली आहे. हे तीन निष्कर्ष एकदा नीट समजले म्हणजे विनाकारण पॅनेल बदलण्याची वेळ येत नाही.

पीएम-कुसुम योजनेतील पंपांना दूरस्थ निरीक्षणाची सोय असून पंपाच्या चालण्याच्या नोंदी मोबाइलच्या जाळ्यावरून नोंदविल्या जातात. प्रत्यक्ष बिघाडांच्या अशा नोंदी, शेतकऱ्याचे नाव वगळून, पाठांत घेतल्यास त्याहून चांगले साहित्य दुसरे मिळणार नाही.

पडद्यावर जे शिकता येत नाही

असे असले तरी केवळ चित्रफिती पाहून तंत्रज्ञ तयार होत नाही. तारेचा जोड दाबयंत्राने किती दाबावा, पॅनेलचा जोड पूर्ण बसल्याचा ‘टक्’ असा आवाज कसा असतो, बोल्ट किती आवळला म्हणजे पुरे, जळलेल्या वेष्टनाचा वास कसा येतो, पाइप व दोरासह पंप बोअरमध्ये सोडताना तार कोठे घासते, या गोष्टी हाताने, कानाने व नाकानेच शिकाव्या लागतात. मेगरने तारेचे वेष्टन तपासणे व अर्थिंगचा रोध मोजणे हेही जाणत्याच्या देखरेखीखाली अनेकदा करावे लागते. साधा चिमटा मीटर बहुधा ए.सी. प्रवाहच मोजतो, डी.सी. मोजत नाही, हे पाठात सांगता येते. परंतु योग्य मीटर निवडून तो भीती वा घाई न करता लावणे हे सवयीनेच येते.

अर्धवट शिक्षण हे या क्षेत्रात अज्ञानापेक्षाही अधिक धोक्याचे आहे. ज्यास काहीच ठाऊक नाही तो पेटीस हात लावीत नाही. ज्याने चार चित्रफिती पाहिल्या आहेत तो लावतो. सबब, ऑनलाइन पाठ पूर्ण केले एवढ्यावरच दुरुस्तीस योग्य असल्याचे प्रमाणपत्र कोणासही देऊ नये.

अभ्यासक्रमाची आखणी

वरील विचारांवरून अभ्यासक्रमाची आखणी पुढीलप्रमाणे असणे इष्ट दिसते.

१. पाठ दहा-बारा मिनिटांचे असावेत व प्रत्येकात एकच गोष्ट शिकवावी. भाषा मराठी असावी. मात्र कंट्रोलर, केबल, अर्थिंग यांसारखे रूढ शब्द तसेच ठेवावेत. पाठ मोबाइलवर उतरवून घेता यावेत, म्हणजे संपर्क क्षीण असलेल्या गावीही अडचण येणार नाही.

२. आरंभ सुरक्षिततेने करावा. प्रथम कंट्रोलरवरून पंप थांबविणे, नंतर डी.सी. खटका पाडणे, नंतर ठरलेला वेळ थांबणे, मीटरने दाब तपासणे व मगच काम करणे, हा क्रम प्रत्येक पाठात पुन्हा यावा.

३. दर आठवड्यास पाठांनंतर एक दिवस जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत किंवा कृषि विज्ञान केंद्रात प्रात्यक्षिकासाठी ठेवावा. यामुळे मिस्त्रीचा धंदा बुडत नाही व शिकलेले विसरण्यापूर्वी हाताखालून जाते.

४. शिकणाऱ्यांचे दहा-पंधरा जणांचे गट करावेत व प्रत्येकाने आठवड्यात पाहिलेला एक बिघाड गटापुढे मांडावा.

५. परीक्षा यंत्रावर घ्यावी. चालू संचात मुद्दाम काही दोष निर्माण करून ते ठरलेल्या वेळेत शोधावयास सांगावे. दोष सापडला, परंतु सुरक्षिततेचा क्रम चुकला, तर उमेदवारास अनुत्तीर्ण समजावे.

गटचर्चेचे महत्त्व महाराष्ट्रास नवीन नाही. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून युनेस्कोच्या साहाय्याने पाच मराठीभाषी जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग करण्यात आला. गावकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकावा व नंतर त्यावर चर्चा करावी, अशी ती योजना होती. टाटा समाजविज्ञान संस्थेने केलेल्या पाहणीत, केवळ रेडिओ असलेल्या गावांपेक्षा चर्चामंडळे असलेल्या गावांत ज्ञानाची वाढ पुष्कळ अधिक झाल्याचे दिसून आले. साधन रेडिओ असो वा मोबाइल, एकट्याने ऐकलेले व दहा जणांनी तपासून घेतलेले यांतील हा फरक कायम आहे.

शेतकऱ्यांचा वाटा

तंत्रज्ञ तयार होईपर्यंत व झाल्यावरही काही गोष्टी शेतकऱ्यांच्याच हाती आहेत. पॅनेल सकाळी लवकर, ती तापण्यापूर्वी, साध्या पाण्याने व मऊ फडक्याने पुसावीत. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये. पॅनेलवर सावली टाकणाऱ्या फांद्या वेळीच छाटाव्यात. उघड्या पडलेल्या तारा पाइपमध्ये घालाव्यात. पंप बंद पडल्यास कंट्रोलरवरील आकडा किंवा खूण लिहून घ्यावी अथवा तिचे छायाचित्र काढावे. तेवढ्यावरून तंत्रज्ञास कोणते साहित्य आणावे हे कळते व एक फेरी वाचते. हमीची मुदत चालू असल्यास प्रथम पुरवठादाराकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जवळ ठेवावा. परवानगीवाचून पेटी उघडल्यास हमीचा हक्क गमावण्याचा संभव असतो. दुरुस्तीस आलेल्या माणसाने प्रात्यक्षिक परीक्षा दिली आहे काय, असे विचारण्यास शेतकऱ्यांनी संकोच करू नये.

विहिरीत पाणी आहे, आकाशात ऊन आहे आणि शेतात पीक तहानलेले आहे, अशी स्थिती एका सैल जोडामुळे उद्भवू शकते. तो जोड ओळखणारी दृष्टी मोबाइलवरील पाठांतून घडविता येईल. तो सुरक्षितपणे बसविणारा हात मात्र यंत्रापाशीच घडवावा लागेल. औद्योगिक प्रशिक्षण संस्था, कृषि विज्ञान केंद्रे व पुरवठादार यांनी या दोहोंची सांगड घातल्यास प्रत्येक तालुक्यात जाणते तंत्रज्ञ उभे राहतील आणि सौर पंपाचा लाभ शेतकऱ्यांस पूर्णांशाने मिळेल.